लीग बोलिंगमध्ये फॉर्म हरवला तर: नवोदितांसाठी क्रमवार मार्गदर्शन

टेनपिन बोलिंगच्या लीगमध्ये नव्याने उतरलेल्या खेळाडूचे गुण काही आठवडे चढत जातात आणि मग एकाएकी घसरू लागतात. आतापर्यंत सहज पडणाऱ्या पिना उभ्या राहतात, सोपे स्पेअर (उरलेल्या पिना दुसऱ्या चेंडूत पाडणे) हातचे जातात आणि दर आठवड्याच्या तक्त्यात सरासरी खाली सरकलेली दिसते. अशा वेळी बहुतेक जण घाबरून एकाच संध्याकाळी उभे राहण्याची जागा, चेंडू, वेग आणि मनगटाची ठेवण असे सगळेच बदलून पाहतात, आणि घसरण लांबते ती यामुळेच. कारण त्यातले काय लागू पडले आणि कशाने आणखी बिघडले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. पुढील क्रम त्यामुळे मुद्दाम संथ ठेवला आहे: आधी नोंद, मग निदान, आणि एका वेळी एकच बदल. सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिल्या आहेत. डावखुऱ्या खेळाडूंनी डावे-उजवे उलटे करावे आणि पिनांच्या क्रमांकांतही (पुढून मागे, डावीकडून उजवीकडे: १; २-३; ४-५-६; ७-८-९-१०) २ च्या जागी ३, ४ च्या जागी ६ आणि ७ च्या जागी १० असे वाचावे.

पायरी १: घसरण खरोखर आहे का, ते तपासा

एखादी वाईट संध्याकाळ म्हणजे फॉर्म जाणे नव्हे. दीडशे सरासरीच्या खेळाडूचा एक गेम १२० चा आणि दुसरा १८० चा होणे हे या खेळात अगदी नेहमीचे आहे. सरासरी म्हणजे पाडलेल्या एकूण पिना भागिले एकूण गेम, आणि भागाकारातला अपूर्णांक सोडून दिला जातो. समजा तीस गेमनंतर तुमची सरासरी १५० आहे आणि पुढच्या संध्याकाळी तुम्ही तिन्ही गेम १२० चे खेळलात, तर तेहतीस गेमअखेर ती १४७ होते. म्हणजे अत्यंत वाईट वाटलेल्या संध्याकाळीने केवळ तीन पिनांचा फरक पडला.

ज्या लीगमध्ये हँडिकॅप, म्हणजे कमी सरासरीच्या खेळाडूला मिळणाऱ्या जादा पिना, असतो तिथे हे नुकसान संघापुरते आणखी कमी होते. हँडिकॅप हा एका ठरावीक आधारसंख्येतून तुमची सरासरी वजा करून, उरलेल्या फरकाच्या ठरावीक टक्क्यांनी काढतात. आधारसंख्या २२० आणि प्रमाण ९० टक्के असेल, तर १६० सरासरीला ५४ पिनांचा हँडिकॅप मिळतो आणि १५० सरासरीला ६३ पिनांचा. सरासरी दहाने उतरली तरी संघाला त्यातल्या नऊ पिना परत मिळतात. मात्र सरासरी हळूहळू उतरत असल्यामुळे ही भरपाईही हळूहळूच होते. आपल्यामुळे संघ बुडतो आहे या विचाराने दबून खेळणाऱ्या नवोदितांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

सलग तीन-चार संध्याकाळी गुण सरासरीच्या बरेच खाली राहिले, तरच पुढच्या पायऱ्या हाती घ्याव्यात.

पायरी २: वहीत नोंद ठेवा

फलकावरच्या गुणांवरून बिघाड कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी दर फ्रेममागे (गेमच्या दहा पाळ्यांपैकी प्रत्येकीमागे) चार गोष्टी टिपून ठेवा: पहिल्या चेंडूवर किती पिना पडल्या, तो चेंडू पिनांवर कुठे लागला, म्हणजे पॉकेटमध्ये, हेडपिनच्या (सर्वांत पुढच्या १ क्रमांकाच्या पिनेच्या) समोरासमोर की फार उजवीकडे, कोणत्या पिना उरल्या, आणि स्पेअर झाला का. पॉकेट म्हणजे १ आणि ३ क्रमांकांच्या पिनांमधली फट. हे लिहायला दर फ्रेमला काही सेकंद पुरतात. दोन-तीन संध्याकाळींची नोंद साठली की ती एकत्र वाचा.

पहिल्या चेंडूवर पडणाऱ्या पिना पूर्वीइतक्याच असून गुण घसरले असतील, तर दुखणे स्पेअरमध्ये आहे. पहिला गेम बरा आणि तिसरा वाईट हे वारंवार दिसत असेल, तर लेनवरचे, म्हणजे चेंडू धावतो त्या मार्गावरचे, तेल बदलते आहे आणि तुम्ही त्यासोबत सरकत नाही, किंवा हात थकतो आहे, किंवा चेंडूतले अंगठ्याचे छिद्र सैल वा घट्ट होते आहे. चेंडू सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर उभे राहण्याची जागा किंवा नेम बदलून प्रश्न बहुधा सुटतो. एक चेंडू डावीकडे आणि पुढचा उजवीकडे जात असेल, तर लेनकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. चालीत किंवा चेंडू सोडण्यात बिघाड आहे. आणि चेंडू पॉकेटमध्ये नीट बसूनही १० क्रमांकाची एकटी पिन पुन्हा पुन्हा उभी राहत असेल, तर त्याला घसरण मानू नका. उत्तम स्ट्राइकमध्येसुद्धा (पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडणे) चेंडू स्वतः फक्त १, ३, ५ आणि ९ या चार पिनांना लागतो, बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. एवढ्या धडकांच्या साखळीत थोडा फरक पडला की कडेची पिन राहते. तुमचे काम तिचा स्पेअर करणे एवढेच आहे.

पायरी ३: बोटे, चेंडू आणि बूट

खेळात दोष शोधण्याआधी साधने पाहून घ्यावीत, कारण ती तपासायला थोडाच वेळ लागतो. अंगठ्याचा आकार हवामानानुसार आणि खेळता खेळताही बदलतो. छिद्र सैल झाले की चेंडू सुटू नये म्हणून खेळाडू नकळत आवळून धरतो. आवळलेल्या हाताचा झोका ताठ होतो, अंगठा उशिरा सुटतो आणि चेंडू डावीकडे खेचला जातो. नवोदितांच्या घसरणीमागे हे कारण जितक्या वेळा असते तितक्या वेळा ते कोणाच्या ध्यानात येत नाही. छिद्रात लावण्याची टेप पिशवीत ठेवावी आणि सैल वाटताच एक पट्टी लावावी, घट्ट वाटताच काढावी. हात खाली सैल सोडून झोका घेताना न आवळताही चेंडू अंगठ्यावर टिकला, तर छिद्र योग्य समजावे. अंगठ्याची त्वचा सोलवटत असेल किंवा गाठ येत असेल, तर छिद्रे पाडून देणाऱ्या जाणकाराकडून माप पुन्हा घ्यावे.

चेंडूच्या वजनाचाही विचार करावा. नियमानुसार तो जास्तीत जास्त १६ पौंडांचा असू शकतो, पण कमाल वजन पेलायलाच हवे असा कोणताही नियम नाही. तिसऱ्या गेमअखेर खांदा झुकू लागला असेल, तर एक पौंड हलका चेंडू घेऊन पाहण्यात कमीपणा नाही. तुमचा चेंडू रिअॅक्टिव्ह रेझिनचा असेल, तर त्याचा पृष्ठभाग लेनवरचे तेल शोषतो आणि काही काळाने वळण्याची धार गमावतो. दर वेळी चेंडू परत आला की कोरड्या टॉवेलने पुसावा आणि खेळ संपल्यावर योग्य द्रावणाने स्वच्छ करावा. लीग चालू असताना द्रव क्लीनर वापरणे किंवा पृष्ठभाग घासून बदलणे अधिकृत स्पर्धेच्या नियमांत बसत नाही, म्हणून ही कामे आधी किंवा नंतर उरकावीत.

बुटाच्या तळव्याला पाण्याचा थेंब लागला तरी शेवटच्या पावलाची घसरण अडते आणि माणूस तोंडावर पडू शकतो. अॅप्रोचवर (लेनसमोरच्या चालण्याच्या जागेवर) जाण्यापूर्वी तळवा हाताने चाचपण्याची सवय लावून घ्या.

पायरी ४: स्पेअर आधी, स्ट्राइक नंतर

फॉर्म परत आणण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग स्पेअरमधून जातो, आणि या लेखातला एकच भाग आचरायचा झाला तर हा आचरावा. कारण साध्या बेरजेत आहे. दहाही फ्रेममध्ये पहिल्या चेंडूवर नऊ पिना पाडून उरलेली एक दर वेळी चुकवली, तर गेम ९० चा होतो. तीच एक पिन दर वेळी पाडली आणि शेवटच्या जादा चेंडूवरही नऊ पाडल्या, तर गेम १९० चा होतो. दोन्ही गेममध्ये एकही स्ट्राइक नाही, पहिले चेंडू हुबेहूब सारखे आहेत, आणि तरीही शंभर पिनांचा फरक आहे. कारण स्पेअर केलेल्या फ्रेमला दहा गुणांवर पुढच्या चेंडूचे गुणही मिळतात. घसरणीत सापडलेला खेळाडू मात्र स्ट्राइकच्या मागे धावतो, जोर लावतो आणि त्या जोरात नेमही घालवतो.

एकट्या पिनेचा नेम वाटतो तेवढा अवघड नाही, हे आकड्यांवरूनच पटते. चेंडूचा व्यास सुमारे साडेआठ इंच आणि पिनेची सर्वांत फुगीर जागा सुमारे पावणेपाच इंच रुंद असते. चेंडूचा मध्य पिनेच्या मध्यापासून कोणत्याही बाजूला साधारण साडेसहा इंचांच्या आत गेला तरी पिनेला स्पर्श होतो, म्हणजे एकूण तेरा इंचांची वाट मोकळी आहे. लेन साडेएकेचाळीस इंच रुंद आणि ३९ पट्ट्यांची असते, म्हणून ही वाट जवळजवळ बारा पट्ट्यांची होते. कडेच्या ७ आणि १० क्रमांकांच्या पिनांबाबत एका बाजूला गटर (लेनच्या कडेची खोलगट नाली) असल्याने ती सुमारे नऊ इंचांवर येते. कोपऱ्याच्या पिना अधिक चुकतात त्या याच कारणाने, आणि सरावाचा मोठा वाटा त्यांनाच द्यायला हवा.

नेम पिनेवर न धरता बाणांवर धरा. फाउल लाइनपासून (चेंडू सोडताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून) हेडपिन साठ फुटांवर आहे, तर लेनवरचे सात बाण बारा ते सोळा फुटांच्या दरम्यान आहेत. एवढ्या जवळची खूण डोळ्यांना नेमकी धरता येते. सरळ जाणारा चेंडू एकाच जागेवरून सोडताना बाणाजवळ एक पट्टी चुकला, तर पिनांपाशी तो सुमारे चार पट्ट्या चुकलेला असतो. म्हणून चेंडू बाणावरून गेला का, हे आधी पाहावे आणि पिनांकडे नंतर. चेंडू बाण ओलांडेपर्यंत नजर तिथून हलवू नये.

उभे राहण्याची जागा ठरवण्यासाठी तीन-सहा-नऊ ही पद्धत नवोदितांना पुरेशी आहे. स्ट्राइकसाठी जिथे उभे राहता ती जागा आणि तो बाण मूळ धरा. बाण तोच ठेवून, २ क्रमांकाची पिन उरली असेल तर तीन पट्ट्या उजवीकडे, ४ क्रमांकाच्या पिनेसाठी सहा पट्ट्या आणि ७ क्रमांकाच्या पिनेसाठी नऊ पट्ट्या उजवीकडे उभे राहा. उजव्या बाजूच्या ३, ६ आणि १० क्रमांकांच्या पिनांसाठी याच मापाने डावीकडे सरका. प्रत्येकाचा वेग आणि चेंडूचे वळण वेगळे असल्यामुळे हे आकडे सुरुवातीचा अंदाज समजावेत आणि आपल्या वहीतल्या नोंदीनुसार एखाद्या पट्टीने दुरुस्त करून पक्के करावेत. १० क्रमांकाच्या पिनेवर वळणारा चेंडू टाकणे मात्र जोखमीचे आहे, कारण ती गाठण्यापूर्वीच तो डावीकडे वळून निसटतो. शक्य असेल तर स्पेअरसाठी पॉलिएस्टरचा, म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे प्लास्टिकचा चेंडू म्हणतात तो, वेगळा ठेवावा. त्याचे लेनशी घर्षण कमी असल्याने तो जवळजवळ सरळ जातो आणि तेलाच्या बदलांची फारशी फिकीर करावी लागत नाही.

सरावाच्या दिवशी एक संपूर्ण गेम केवळ कोपऱ्यांवर खेळा: एक चेंडू ७ क्रमांकाच्या पिनेच्या जागी आणि दुसरा १० क्रमांकाच्या. दहाही पिना उभ्या असल्या तरी नेम कोपऱ्याचाच ठेवा. त्या गेमचे गुण लिहू नका, कोपरा किती वेळा गाठला तेवढेच लिहा. मोठ्या स्प्लिटचा (मध्ये फट ठेवून दूर दूर उरलेल्या पिनांचा) सराव सध्या बाजूला ठेवावा. लीगमध्ये ते फार क्वचित जुळतात, आणि अशा वेळी एक पिन तरी नक्की पाडणे हेच शहाणपणाचे आहे.

पायरी ५: चाल आणि चेंडू सोडणे

वहीत चेंडू दोन्ही बाजूंना चुकलेला दिसत असेल, तर या पायरीवर थांबा. घसरणीत सापडलेल्या खेळाडूची पावले बहुतेक वेळा जलद झालेली असतात. पावले झोक्याच्या आधी फाउल लाइनवर पोहोचतात, मग हात मागे राहिल्यामुळे चेंडू खांद्याच्या ताकदीने ओढावा लागतो आणि नेम व वळण दोन्ही अनिश्चित होतात. उपाय सोपा आहे. चार पावलांच्या चालीत पहिल्या, उजव्या पावलासोबतच चेंडू पुढे ढकलला जातो का, हे पाहा. सुरुवात जुळली की पुढचे बरेचसे आपोआप जुळते. मनात एक-दोन-तीन-चार असे एकसारखे मोजत चालल्यानेही ताल सापडतो.

दुसरी तपासणी पायांची. उभे राहताना डावा पाय कोणत्या पट्टीवर होता आणि शेवटी घसरत कोणत्या पट्टीवर थांबला, हे दहा चेंडूंपर्यंत सहकाऱ्याला पाहायला सांगा. दर वेळी तीन पट्ट्या डावीकडे जात असाल तर फारसे बिघडत नाही, कारण तेवढे धरून नेम बसवता येतो. एकदा एक आणि एकदा पाच पट्ट्या सरकत असाल, तर बिघाड सापडला असे समजा. तो घालवण्यासाठी चाल काही काळ सोडून द्या: फाउल लाइनजवळ शेवटच्या पावलाच्या स्थितीत उभे राहून केवळ झोका घेत चेंडू सोडा, मग एका पावलाने, आणि तो सलग जमू लागला की पूर्ण चालीने. या सरावात पिना किती पडतात याला महत्त्व नाही. चेंडू सोडल्यावर एका पायावर तोल सांभाळून, तो पिनांवर आदळेपर्यंत तसेच थांबता आले पाहिजे. तोल गेला की चूक त्याआधीच कुठेतरी झालेली असते.

मोबाइलवर बाजूने आणि मागून एकेक चित्रफीत घेतली, तर आपल्याला जाणवते ते आणि प्रत्यक्षात घडते ते यांतले अंतर दिसते. शक्यतो चांगल्या दिवसांतली जुनी चित्रफीत शेजारी ठेवून पाहावे. दोन्हींत जे वेगळे दिसेल त्यातली एकच गोष्ट निवडून ती दोन आठवडे सांभाळावी.

पायरी ६: लेनसोबत सरकायला शिका

लेनवर डोळ्यांना न दिसणारा तेलाचा थर असतो. लीगसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तो मधल्या पट्ट्यांवर जाड, कडेला पातळ आणि लांबीला साधारण चाळीस फुटांपर्यंत पसरलेला असतो. त्यापुढचा भाग कोरडा असल्याने चेंडू तिथे पकड घेऊन वळतो. खेळ जसा पुढे जातो तसे सगळ्यांच्या चेंडूंनी तेच तेल उचलले जाते, वापरातली वाट कोरडी होते आणि पहिल्या गेममध्ये पॉकेट गाठणारा चेंडू तिसऱ्या गेममध्ये लवकर वळून हेडपिनच्या तोंडावर किंवा डावीकडे जातो. अनेक नवोदितांना ही आपली घसरण वाटते आणि ते जोर वाढवतात, वास्तविक पाहता त्यांनी फक्त सरकायला हवे असते.

नियम असा की, चेंडू ज्या बाजूला चुकतो त्याच बाजूला पाय सरकवावेत. चेंडू डावीकडे जात असेल तर पाय दोन पट्ट्या आणि नेम एक पट्टी डावीकडे न्यावा. उजवीकडे राहत असेल तर तेवढेच उजवीकडे. उरलेल्या पिनाही हेच सांगतात. ४ क्रमांकाची एकटी पिन किंवा ४ आणि ६ यांच्यासारखी मोठी फट राहिली, तर चेंडू हेडपिनवर फार समोरून लागला आहे. २, ४, ५ आणि ८ क्रमांकांचा गुच्छ राहिला, तर तो उजवीकडे राहून कमी लागला आहे. येथे एक अट पाळावी लागते: चेंडू तुमच्या बाणावरून, नेहमीच्या वेगाने गेला असेल तरच सरका. चुकीच्या चेंडूवरून लेनबद्दल निष्कर्ष काढला, तर पुढचा चांगला चेंडूही वाया जातो.

पायरी ७: लीगची संध्याकाळ

खेळ सुरू होण्याआधी सरावाला जी काही मिनिटे मिळतात ती स्ट्राइक मोजण्यात घालवू नका. पहिले दोन-तीन चेंडू अंग मोकळे करण्यासाठी टाका, पुढचे काही पॉकेट कुठून सापडते हे पाहण्यासाठी आणि उरलेले दोन्ही कोपऱ्यांवर. दोन लेन आलटूनपालटून वापरल्या जात असतील, तर दोन्हींवर किमान एकेक चेंडू टाकून पाहा, कारण शेजारच्या लेनसुद्धा सारख्या वागत नाहीत.

प्रत्येक चेंडूपूर्वी त्याच क्रमाने त्याच कृती करा: चेंडू पुसणे, तळवा चाचपणे, पायांची पट्टी धरणे, बाणावर नजर, एक संथ श्वास आणि चाल. हा क्रम मनाला करण्यासारखे काहीतरी देतो, आणि मागच्या फ्रेमचा राग त्यात आपोआप मागे पडतो. ओपन फ्रेम (ना स्ट्राइक, ना स्पेअर) झाली तर लगेच बसून वहीत नोंद करा. लिहिताना डोके शांत होते. गुणफलकावरची बेरीज पुढच्या चेंडूला काहीच मदत करत नाही, तेव्हा ती गेम संपेपर्यंत न पाहिलेली बरी. एका संध्याकाळीचे ध्येय गुणांत न मांडता कृतीत मांडा, उदाहरणार्थ एकट्या पिनेचे दहापैकी सात स्पेअर करणे.

सहकारी आपुलकीने सल्ले देतात, पण एकाच गेममध्ये तीन जणांचे तीन सल्ले पाळणे कोणालाही शक्य नाही. सर्वांचे आभार मानावेत आणि तुमचा खेळ नियमित पाहणाऱ्या एकाच व्यक्तीला, ठरवलेली एकच गोष्ट पाहायला सांगावी. वही, साधने, स्पेअर आणि चाल या क्रमाने पाच-सहा आठवडे काम करूनही पहिल्या चेंडूच्या पिना वाढत नसतील, तर प्रशिक्षकाकडे जावे. जाताना वही आणि चित्रफिती सोबत न्याव्यात, म्हणजे दुखणे शोधण्यात पहिला तास जाणार नाही. मनगट, कोपर किंवा अंगठा दुखत असेल, तर मात्र पाच-सहा आठवडे थांबू नये; खेळ लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि दुखणे बरे झाल्यावर सुरुवात फाउल लाइनजवळच्या बिनपावलांच्या झोक्यापासूनच करावी.